डिसेंबरच्या उन्हात घरभर पाहुणे

पोरी, पंचवीस तारखेला काय करू, असं तू आत्ताच विचारते आहेस. पण मेलबर्नमध्ये नाताळचा मेन्यू वीस-एकवीस तारखेच्या आत पक्का करू नये. त्या दिवशी इथं ४० अंश असू शकतात आणि १८ही. २०११ साली तर ऐन नाताळच्या दिवशी अशा गारा पडल्या की दारात उभ्या असलेल्या गाड्यांचे पत्रे चेपले. म्हणून दोन बेत मनात ठेव, एक अंगणातला आणि एक घरातला, आणि दोन्हीकडे चालतील असेच पदार्थ निवड. गरमगरम वाढण्याचा हट्ट सोडून दे. पुण्याच्या थंडीत विमानात बसलेल्या तुझ्या सासूबाईंना इथं उतरल्यावर बाजरीची भाकरी आठवायची नाही, ताक आठवेल.

हवामानाचा अंदाज बघताना आकड्याइतकंच वाऱ्याकडे लक्ष दे. उत्तरेचा वारा सुटला की तो आतल्या वाळवंटावरून तापून येतो. मग कधीतरी नैर्ऋत्येकडून गार वारा शिरतो. इथली माणसं त्याला ‘कूल चेंज’ म्हणतात. तासाभरात पारा पंधराएक अंशांनी खाली येतो, आणि मघाशी घामाघूम झालेले लोक शाल मागायला लागतात. हा चेंज साधारण कधी येणार ते अंदाजात दिलेलं असतं. तो चारला येणार असेल तर माणसांना पाचला बोलाव. सूर्य इथं त्या दिवसांत पावणेनऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे घाई कशाचीच नाही. फक्त सासऱ्यांना आधीच सांगून ठेव. दिवेलागणीनंतर जेवायची सवय असलेला माणूस अंधाराची वाट बघत बसतो आणि रात्री सव्वानऊला भूक लागली म्हणतो.

घर थंड करायचं यंत्र कोणतं आहे, तेही त्यांना पहिल्याच दिवशी दाखव. छपरावरचा एव्हॅपोरेटिव्ह कूलर असेल (नागपुरातल्या खिडकीच्या कूलरचाच तो थोरला भाऊ) तर एखादी खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर घरात नुसता दमटपणा साचतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी असेल तर दारं-खिडक्या बंद. वडीलधारी माणसं हमखास याच्या उलट करतात, कारण ‘हवा खेळती हवी’. पश्चिमेचे पडदे सकाळीच ओढून घे. ऊन आत आल्यावर ओढून उपयोग नाही.

ओट्याशी उभं राहायचं ते सकाळी सहा ते नऊ. त्यानंतर ओव्हन लावायचा नाही, कुकर लावायचा नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण, कटलेटचं सारण, चिंच-गुळाची चटणी, पुरणपोळ्या हे सगळं डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात करून फ्रीजरमध्ये टाक. त्यासाठी फ्रीजर नोव्हेंबरातच रिकामा करायला घ्यावा लागतो, ही गोष्ट कुणी सांगत नाही. श्रीखंडाला ग्रीक योगर्ट घे. ते आधीच घट्ट असतं, रात्रभर फडक्यात टांगलं की चक्का तयार. टांगायचं मात्र फ्रीजमध्येच, चाळणीत ठेवून. आपल्याकडच्यासारखं नळाला बांधून ठेवलंस तर सकाळपर्यंत आंबट होईल.

पुऱ्या घरात तळू नकोस. वीस माणसांच्या पुऱ्या म्हणजे चाळीसएक मिनिटं धूर, आणि इथले स्मोक अलार्म फोडणीनंसुद्धा वाजायला लागतात. बार्बेक्यूच्या कडेला जी वेगळी शेगडी असते, तिच्यावर बाहेर कढई ठेव आणि तळण्याचं काम दिराला दे. पुरुषमाणसं बार्बेक्यूच्या आजूबाजूला तशीही उभीच असतात, हातात काहीतरी असलं की बरं. तेल गार झाल्यावर बरणीत भर, सिंकमध्ये ओतू नकोस.

आता जरा कडक बोलते. आपल्याकडे जेवण टेबलावर मांडून ठेवायचं आणि येईल तसं माणूस वाढून घेईल, अशी पद्धत. उन्हाळ्यात ती धोक्याची आहे. इथं एक सोपा नियम आहे आणि तो मला पटलेला आहे. ५ अंशांच्या वर नि ६० अंशांच्या खाली राहिलेलं अन्न दोन तासांच्या आत असेल तर परत फ्रीजमध्ये ठेवता येतं. दोन ते चार तास झाले असतील तर लगेच खाऊन संपवायचं. चार तासांच्या वर गेलं की टाकायचं. हे तास एकूण धरायचे. फ्रीजमधून काढलं, ठेवलं, परत काढलं, असं सगळं मिळून. भाताच्या बाबतीत तर विशेष जप. शिजलेल्या भातातले काही जंतू पुन्हा गरम केल्यानं जातात, पण त्यांनी केलेलं विष जात नाही. ‘शिळा भात फोडणीला’ हा प्रकार सकाळपर्यंत ओट्यावर राहिलेल्या भाताचा करायचा नाही, फ्रीजमध्ये ठेवलेल्याचा करायचा. सासूबाई म्हणतील, आमच्याकडे असलं काही होत नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. मोठ्या पातेल्यातलं थोडं थोडं छोट्या भांड्यात काढून मांड, बाकीचं आतच राहू दे. कुणाला कळणारही नाही.

बार्बेक्यूचं म्हणशील तर अर्धा तवा शाकाहारी ठेव आणि तो आधी पेटव. चिमटे वेगळे, उलथनं वेगळं. मक्याची कणसं, पनीर, ढोबळी मिरची हे तर सगळेच करतात. मी सांगते ते कर. चार मोठी वांगी जाळीवर थेट आचेवर भाज, सालं काळी कोळशासारखी होऊ देत, आणि तिथंच सगळ्यांसमोर ती सोलून कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, दही घालून भरीत कर. ऑफिसातल्या गोऱ्या मंडळींना घरातून आणलेल्या कुठल्याही करीपेक्षा ते जास्त आवडेल, कारण ते त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच शेगडीवर झालेलं असतं. बीफ घरात शिजत नसेल तर बोलावतानाच सरळ सांग. इथं कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते आणलेलं पाकीट तसंच परत न्यावं लागलं की. आणि सासूबाईंचे मार्गशीर्षातले गुरुवार आहेत का ते कॅलेंडरवर बघ. नाताळ कधी मार्गशीर्षात येतो, कधी पौषात, आणि कोळंबी विकत घेतल्यावर हे लक्षात येऊन उपयोग नाही.

‘टोटल फायर बॅन’ जाहीर झाला असेल त्या दिवशी लाकूड-कोळशाची शेगडी पेटवायचीच नाही. गॅसची चालते, पण तिच्याभोवती तीन मीटरपर्यंत पाचोळा-वाळकं गवत नको, नळाला जोडलेला पाइप किंवा निदान १० लिटर पाणी जवळ हवं, आणि मोठं माणूस शेगडीपासून हलता कामा नये. व्हिकइमर्जन्सी हे अॅप फोनमध्ये घालून ठेव. या राज्यात आगीची चेष्टा कुणी करत नाही. २००९च्या फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी शहरात ४६.४ अंश झाले होते आणि बाहेर गावंच्या गावं जळाली.

कोळंबी चोवीस तारखेला सकाळी आण, बर्फावर ठेव. सालं आणि डोकी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाक आणि कचरा न्यायच्या आदल्या रात्री बिनमध्ये घाल. हे मला माझ्या इथल्या शेजारणीनं शिकवलं. उन्हात तीन दिवस तापलेल्या बिनमधल्या कोळंबीच्या वासावरून मोडलेले शेजारसंबंध तिनं पाहिले होते.

आंब्याबद्दल तुला वेगळं सांगायला हवं, कारण हेच इथल्या नाताळचं खरं सुख आहे. आपल्याकडे अक्षय तृतीयेची वाट बघायची. इथं डिसेंबरात क्वीन्सलंड नि नॉर्दर्न टेरिटरीतले आंबे ट्रे भरून विकायला येतात. रसासाठी केन्सिंग्टन प्राइड घे, ज्याला क्वीन्सलंडमधल्या गावावरून बोवेनही म्हणतात. त्याला रस भरपूर, धागा थोडा, वास छान. कॅलिप्सोचा गर घट्ट, कोय लहान. फोडी करायला आणि आम्रखंडाला तो बरा. आर-टू-ई-टू नावाचा एक दांडगा आंबा मिळतो, त्याच्या आकाराला भुलू नकोस. ट्रे पंचवीसच्या पाच-सहा दिवस आधी आण, फ्रीजबाहेर पिकू दे, पिकला की आत. रस गाळून घे, चिमूटभर मीठ आणि सुंठ घाल, साखर चाखूनच घाल. वाढताना वर तूप. सासरे पहिला घास घेऊन ‘हापूस तो हापूसच’ असं म्हणणारच. म्हणू दे. दुसरी वाटी मागतात की नाही तेवढं बघ.

गोडात पॅवलोवा कुणीतरी आणेलच, त्यात अंडं असतं हे शाकाहाऱ्यांना आधी सांग. जेली आणि मार्शमॅलोमध्ये बहुधा जिलेटिन असतं. नाताळच्या पुडिंगमध्ये कधी कधी सुएट, म्हणजे गुरांची चरबी असते, आणि ब्रँडीही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाच. वडीलधाऱ्या माणसानं खाल्ल्यावर कुणी ते वाचून दाखवण्यात काय अर्थ आहे!

आता मुख्य. कुणी विचारलं ‘काय आणू?’ की तू म्हणतेस ‘अहो, काही नको, तुम्ही या फक्त’. ही आपली रीत आहे आणि पुण्यात ती शोभते, जिथं भांडी घासायला बाई येते नि खाली कोपऱ्यावर दुकान असतं. इथं तू एकटी आहेस. आणि ‘काही नको’ म्हटलंस तरी माणूस रिकाम्या हातानं येत नाही. तीन जण तीन चॉकलेटचे डबे आणतात आणि बर्फ संपलेला असतो. म्हणून विचारलं की नेमकं सांग. तुम्ही बर्फाच्या दोन पिशव्या, तुम्ही एस्की (बर्फाची पेटी), तुम्ही हिरवं सॅलड, तुम्ही चार घडीच्या खुर्च्या. माणसाला नेमकं सांगितलेलं आवडतं. मला तर वाटतं, ज्या घरात आपण बर्फ घेऊन गेलो त्या घरात आपण पुन्हा मोकळेपणानं जातो. नुसतं पाट-पाणी झालं तिथं जरा अवघडून बसतो.

घरातल्या पाहुण्यांनाही काम वाटून दे. जाऊबाईंना म्हण, ‘कोशिंबिरी तुमच्याकडे.’ मुलांना टेबल मांडू दे, बॉनबॉन (ओढून फोडायचे कागदी फटाके) नि कागदी टोप्या ताटाशी ठेवू दे. सासूबाईंना बसवून ठेवू नकोस. त्या म्हणतील ‘मी काय पाहुणी आहे का’, आणि बरोबरच म्हणतील. पण मदत करते म्हणून त्या सगळं स्वयंपाकघर ताब्यात घेतील, ती वेगळी गोष्ट. त्यांना एक पूर्ण पदार्थ दे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचा, आणि त्यात ढवळायला जाऊ नकोस. नवऱ्याला भांडी आणि बिन. यावर चर्चा नाही.

ऑफिसातल्या लोकांना साडेबाराला ये म्हटलंस तर ते साडेबाराला दारात असतील. आपल्या मंडळींना तू बाराची वेळ दे. गाड्या कुठं लावायच्या तेही सांग. घरापुढच्या गवतावर लावलेली गाडी दंडाला पात्र असते आणि शेजाऱ्याचा ड्राइव्हवे अडवलेला कुणालाच चालत नाही. शेजाऱ्यांना बोलावलंच आहेस, ते उत्तम. बोलावलेला शेजारी गाण्याच्या आवाजाची तक्रार करत नाही. तरी सुट्टीच्या दिवशी रात्री ११ नंतर गाणी बंद. पिणाऱ्यांची गाडी कोण चालवणार हे पहिल्या ग्लासाआधी ठरू दे. इथं मर्यादा ०.०५ची आहे आणि पी-प्लेटवाल्या, म्हणजे नव्यानं लायसन्स मिळालेल्या पोरांना शून्य.

भेटवस्तूंचं फार मनावर घेऊ नकोस. सगळ्यांची नावं टोपीत घालून प्रत्येकानं एकासाठी एकच वस्तू आणायची, रक्कम ठरवून. मुलांना वेगळं. झालं.

खरेदी तेवीसपर्यंत उरक. पंचवीसला इथली मोठी दुकानं बंद असतात. दूध, दही, कोथिंबीर, औषधं सगळं आधी घरात हवं. औषधांवरून आठवलं. सासू-सासऱ्यांना म्हणावं, मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्या (तीन महिन्यांपर्यंतच्या आणता येतात) आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच निघा. भारतातल्या चिठ्ठीवर इथला औषधवाला गोळ्या देत नाही, आणि नाताळच्या आठवड्यात डॉक्टर गाठणं मुश्कील. प्रवासाचा विमाही काढायला लाव. मेडिकेअर त्यांना लागू होत नाही.

त्या बॅगेत खाऊ काय भरायचा यावर फोनवर एक तास घालव, तो वाया जाणार नाही. पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या नकोत. दुधाचे पदार्थ अडवतात. कढीपत्त्याची डहाळी, ताजी फुलं-फळं, परसात लावायला बिया, काही नको. बाकी जे खाण्याचं असेल ते विमानातल्या कार्डावर ‘हो’ म्हणून लिहायचं, चिवड्यासकट. लिहिलं तर फार तर ती वस्तू काढून घेतात. लिहिलं नाही आणि सापडलं तर जागेवर मोठा दंड होतो. ‘थोडंसंच आहे, कोण बघतंय’ हे वाक्य सासऱ्यांच्या मनात येण्याआधी त्यांना हे सांग.

घरात राहणाऱ्यांसाठी मोरीची व्यवस्था आधी. एक बादली नि एक मग विकत आण, संडासात एक छोटी झारी ठेव. पण हेही दाखव, की इथल्या बऱ्याच घरांत संडासाच्या खोलीत पाणी जायला जाळी नसते. सांडलेलं पाणी बाहेर गालिच्यात मुरतं. गरम पाण्याची टाकी जुनी असेल तर सहा माणसांच्या लागोपाठच्या आंघोळींना ती पुरत नाही, म्हणून निम्म्यांनी रात्री करावी. एक जास्तीची किल्ली करून घे. दिवाणखान्यात झोपणाऱ्यांना सकाळी सहाच्या उजेडासाठी डोळ्यांवर बांधायला काहीतरी दे. आणि प्रत्येक दिवशी सगळ्यांना कुठंतरी नेलंच पाहिजे असं नाही. दुपारी बारा ते चार घरात झोपा काढाव्यात. इथलं ऊन अंग भाजून काढतं, सावळ्या कातडीलाही सोडत नाही.

समुद्राचं मात्र गमतीवर नेऊ नकोस. आपली माणसं अलिबागला किंवा जुहूला पायजमा वर करून गुडघाभर पाण्यात उभी राहतात आणि त्याला समुद्र पाहणं म्हणतात. फिलिप आयलंडच्या वूलामाईला किंवा गनामाट्टाला गुडघाभर पाणीसुद्धा पाय ओढून नेऊ शकतं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात जायचं. झेंडे नसतील, किंवा जीवरक्षक घरी गेले असतील, तर पाण्यात जायचंच नाही, वाळूत बसायचं. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहत दम घालवू नये. तरंगत राहावं, हात वर करावा. ज्येष्ठांना आणि मुलांना खाडीच्या बाजूला ने, ब्राइटन, मॉर्डिआलॉक असं कुठंतरी, तिथं लाटा मवाळ असतात. तरीही मुलांवर एकाच मोठ्या माणसाची नजर ठरवून ठेव. सगळे बघताहेत म्हणजे कुणीच बघत नसतं. घरी हवा भरायचा तलाव आणणार असशील तर ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी राहील असा आणू नकोस. तसल्याला कुंपण लागतं, खेळण्यातला असला तरी.

सव्वीस तारीख सासऱ्यांची. एमसीजीवरच्या बॉक्सिंग डे कसोटीची तिकिटं मिळाली तर काढ, सावलीतल्या बाजूची. तिथं डबा नेता येतो. पोळी-भाजी आणि उरलेली कटलेटं दे, टोपी दे. २०२०मध्ये याच मैदानावर अजिंक्य रहाणेनं कर्णधार म्हणून ११२ धावा केल्या आणि सामनावीराचं पहिलं मुलाघ पदक मिळवलं, हे ते तुला सांगतील. तू पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐक. तिकिटं नसतील तर टीव्ही लावून दे, दुपारी सिडनी-होबार्टच्या शिडाच्या बोटी सुटताना दिसतात, त्याही बघत बसतील.

आणि पंचवीसला संध्याकाळी, माणसं निघायच्या आधी, डबे काढ. ते आइस्क्रीमचे आणि टेक-अवेचे रिकामे डबे वर्षभर जमवायचे असतात ते याच दिवसासाठी. फ्रीजमधून आत्ता काढलेलं भर, ओट्यावर चार तास राहिलेलं नको. शेजारणीला आमरस, ऑफिसातल्या एकट्या राहणाऱ्या मुलाला पोळ्या आणि बटाट्याची भाजी. तुझ्या फ्रीजमध्ये जागा झाली की सत्तावीसला काहीच रांधू नकोस. दहीभात, लोणचं, पापड, आणि जेवून झाल्यावर सगळ्यांनी आपापलं ताट धुऊन ठेवायचं, सासऱ्यांसकट.